शांत झाले

यवतमाळच्या एका दवाखान्यात मी आयसीयूची सिस्टर. थुंकी, पू, उलट्या सगळं या हातांनी काढलंय, कधी मळमळलं नाही. त्या दिवशी मात्र बाहेरच्या व्हरांड्यात अशी किळस आली की डबा तसाच घरी परत नेला.

झरी जामणीकडचा पेशंट होता. साप चावलेला, श्वासासाठी घशात नळी. त्याची बायको बाहेर बाकावर बसून असायची. मी दिसले की एकच विचारायची, "सिस्टर, त्याईनं डोये उघडले का? उघडले का मले बलावजा."

दुपारी तो अर्धवट शुद्धीत नळी उपटू लागला, म्हणून इंजेक्शन देऊन झोपवला. आमचे नवे डॉक्टर परप्रांतातले, पण मराठी बोलायची भारी हौस. बाहेर जाऊन नातेवाइकांना म्हणाले, "पेशंट शांत झाले."

आता काय सांगावं! आपल्याकडे शांत झाले म्हणजे गेले.

रडारड ऐकून मी धावले. तोवर पांढरकवड्याहून आलेल्या नणंदेनं त्या बाईचं कुंकू पुसलं होतं, हात बाकावर आपटून बांगड्या फोडल्या होत्या. मनगटातून रक्त येत होतं. आत येऊन माणूस बघायची कुणाला गरज वाटली नव्हती. "अहो, जिवंत आहे तो! झोपवलाय!" मी ओरडले. मग त्या मनगटाला पट्टी बांधली.

वाटलं, नणंद आता तरी लाजेल. कसची लाजते! संध्याकाळी त्यानं डोळे उघडले, मी बायकोला बोलावलं, तर हीच दारात आडवी.

"मोकया कपायानं कुठी चालली वं? भाऊ पाहीन तं इथंच जीव सोडीन. आंधी कुंकू, बांगड्या आणू, मंग जाय."

पुसलं कुणी गं, सटवे? तोंडाशी आलं होतं, गिळलं. स्वतःची टिकली काढायला कपाळाकडे हात नेला.

नणंदेनं मला खालवर न्याहाळलं. "सिस्टर, तुमचे मालक काय करते?"

"वारले."

"अगं माय! नोको, नोको! तुमची टिकली नोको!"

माझा हात कपाळावरच राहिला. इतक्या वर्षांत तोंडावर असं कुणी बोललं नव्हतं.

बायको बाकावरून उठली. पट्टी बांधलेला हात पुढं करून तिनं माझी टिकली नखानं सोडवली आणि आपल्या कपाळावर दाबून बसवली.

"सरका बाई," ती नणंदेला म्हणाली, "त्याईनं डोये उघडले."