त्या रविवारी माझा उपास नव्हता

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. बायकोजवळही नाही. तुमच्याजवळ बोलतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — ओळखत असता तर बोललो असतो का? नसतो.

मी गुहागरकडचा. सातवीत शाळा सुटली, मग हॉटेलांत भांडी, मग स्वयंपाक, आणि फिरत फिरत अमरावतीला दादांच्या घरी आचारी म्हणून लागलो. दादांचा अकोल्याला सरकीच्या तेलाचा कारखाना. पहिल्याच दिवशी वहिनी म्हणाल्या, "काहून रे, असा कोपऱ्यात जेवून राहिला? इकडे बस, आमच्यात." बारा वर्षं झाली. त्या घरानं मला माणसात आणलं. तरी पोटातली भीती कधी गेली नाही — एक चूक, की परत एसटीत.

दादांच्या मुलानं परदेशातून एक ग्रिल आणली होती. विजेवर चालणारी. पेटीत लाकडाच्या बारीक गोळ्या ओतायच्या, त्या हळूहळू जळतात, आणि बोकडाच्या बरगड्या चार-पाच तास मंद धुरावर शिजतात. मांस बोटानं हाडावरून सुटतं. मुलगा मला शिकवून परदेशी परत गेला. गोळ्या मुंबईहून पार्सलनं यायच्या. संपत आल्या की सांगायचं काम माझं.

त्या रविवारी अकोल्याचे चौघे पाहुणे जेवायला होते. सकाळी पेटी उघडली — तळाला मूठभर. मी सांगायला विसरलो होतो.

दादांच्या गाडीच्या डिकीत एक पोतं होतं. कारखान्याच्या बॉयलरसाठी नमुना म्हणून आलेल्या, पऱ्हाटीच्या म्हणजे कापसाच्या काड्यांच्या गोळ्या. दिसायला अगदी तशाच. पोत्यावर छापलेलं — फक्त बॉयलरसाठी. सातवीत शाळा सोडलेल्यालाही तेवढं वाचता येतं.

ओतल्या.

धूर पिवळट निघाला. आधी वाटलं, मनाचा खेळ. मग वास ओळखला. कापसावर फवारणी चालू असताना रस्त्यानं गेलं की घशाला जे चिकटतं — ते. एक बटण दाबलं की बंद झालं असतं. दाबलं का? नाही. बरगड्यांना तिखट आणि संत्र्याचा रस दुप्पट चोपडला.

पण मला सांगायचंय ते हेही नाही.

वहिनी पहिली बरगडी नेहमी मला द्यायच्या. त्या दिवशीही ताटली पुढे केली. "घे, आधी तू खाय. सकाळपासून उभा हायस." आणि मी म्हणालो — "वहिनी, आज माझा उपास आहे."

"रविवारचा कोन्ता देव धरला रे तू?" त्या हसल्या. पाहुणेही हसले. मग त्या स्वतः उठल्या, माझ्यासाठी भगर टाकली, शेंगदाण्याची आमटी केली. मी ती खाल्ली. समोर बसून त्या बरगडी खात होत्या. "थोडं कडू लागून राहिलं," म्हणाल्या, आणि मला वाईट वाटू नये म्हणून आणखी एक घेतली.

संध्याकाळी सगळ्यांना उलट्या. बाकीचे दोन दिवसांत सावरले. वहिनी सोळा दिवस दवाखान्यात होत्या. मूत्रपिंडं आता पहिल्यासारखी होणार नाहीत, असं डॉक्टर म्हणाले. दादांनी विचारलं, मटण कुणाकडचं? मी सांगितलं, नेहमीच्या रशीदभाईंचं. खोटं कुठं होतं ते? दादांनी भर चौकात त्यांना नको ते सुनावलं. गिऱ्हाईक तुटलं, दुकान बंद पडलं, ते अमरावती सोडून गेले. उरलेल्या गोळ्या मी नालीत ओतल्या.

परवा वहिनींना तपासणीला अकोल्याला नेलं. दवाखान्याबाहेर रशीदभाई दिसले, हातगाडीवर फळं विकताना. तेच धावत आले.

"भाभी कशा हायेत?"

"बऱ्या आहेत."

"मटन तं ताजंच होतं, भाई. पन काय मालूम — माझ्याच हातून काही झालं असंन. मी रोज दुआ मागून राहिलो त्यायच्यासाठी."

त्यांनी पिशवीत चार मोसंब्या घातल्या. मी पिशवी घेतली, गाडीत येऊन बसलो.

"कोन होतं रे?" वहिनींनी विचारलं.

मी म्हणालो, "ओळखीचं कुणी नाही."