अंबलीतली गोळी

मी कुणावर पटकन विश्वास ठेवत नाही. भाजीवाल्याच्या तराजूवर नाही आणि हसून बोलणाऱ्या माणसावर तर मुळीच नाही. खोड आहे, जायची नाही. सासूबाईंचे गुडघे बघणाऱ्या डॉक्टरांनी विचारलं, "दुखणं थांबवणारी एक नवी गोळी चाचणीला आलीय, तुम्ही घ्याल का?" तेव्हाच मला वाटलं, कुठेतरी पाणी मुरतंय. गोळ्या फुकट, तपासण्या फुकट, वर इतकं गोड बोलणं. आमचे नातेवाईकसुद्धा आमच्याशी इतकं गोड बोलत नाहीत.

संमतीचा कागद अठरा पानांचा, सगळा कन्नडमध्ये. मी सांगलीची. म्हैसूरला येऊन वीस वर्षं झाली, तरी बसच्या पाटीपलीकडे माझं कन्नड वाचन जात नाही. सासूबाई इथल्याच, पूर्वज राजाच्या फौजेत होते म्हणून आलेल्या घराण्यातल्या. घरात मराठी बोलतात, पण वाचतात कन्नडच. त्यांनी चष्मा लावून पान न् पान वाचलं.

"निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना नुसती दाखवायची," त्या म्हणाल्या. "कुणाला कुठली ते डॉक्टरलाही ठाऊक नाही."

"अहो आई, देणाऱ्यालाच ठाऊक नाही म्हणजे काय?"

"सुम्ने बस गं, गप्प," म्हणाल्या आणि सही करून मोकळ्या झाल्या. त्यांना काठी न घेता कोपऱ्यावरच्या देवळापर्यंत चालत जायचं होतं. दुसरी कसली आस नव्हती.

दुखण्यावरची जुनी लाल गोळी बंद झाली. तिने रक्तदाब चढतो, ती अजिबात द्यायची नाही, असं डॉक्टरांनी मलाच बजावलं होतं. रोज संध्याकाळी वहीत आकडा लिहायचा. शून्य म्हणजे दुखत नाही, दहा म्हणजे सोसवत नाही. पंधरा दिवस वहीत आठ, आठ, नऊ, आठ. न्हाणीघरातून बाहेर येताना त्या भिंत धरून उभ्या राहायच्या आणि ओठ दाबायच्या. मला बघवेना. आमच्या वाट्याला दाखवायचीच गोळी आली, याची माझी खात्रीच पटली. एक दिवस ती जिभेला लावून पाहिली. नुसता खडू.

लाल गोळ्यांच्या दोन पट्ट्या साखरेच्या डब्यामागे होत्या. आपल्या घरांत औषध टाकून कोण देतं? दुसऱ्या दिवशी सकाळी एक गोळी कुटली आणि त्यांच्या नाचणीच्या अंबलीत ढवळली. वर ताक, कांदा, हिरवी मिरची. त्यांनी पेला रिकामा केला. मग रोज सकाळी तेच. त्या संध्याकाळी वहीत पाच, मग चार. एकदा तर काठी दाराशी ठेवून त्या फाटकापर्यंत गेल्या. मी खिडकीतून बघत होते. फार बरं वाटलं मला, खोटं कशाला सांगू?

महिन्याच्या तपासणीला त्यांचे पाय सुजलेले निघाले आणि रक्तदाब भलताच वर. चाचणीचं काम बघणाऱ्या मुलीने विचारलं, "अज्जी, दुसरं काही औषध घेतलंत?"

"नाही," सासूबाई ठामपणे म्हणाल्या. त्यांच्या दृष्टीने ते खरंच होतं.

"मग ही गोळीच बाधली असणार. वर कळवायला हवं," असं म्हणून ती लिहू लागली. सापडले एकदाचे हे फुकट गोळीवाले, असं माझ्या मनात आलं. खरंच आलं. मग सासूबाईंचे सुजलेले पाय दिसले.

"मी घातली," मी म्हटलं. "लाल गोळी. अंबलीत. पंधरा दिवस."

कुणी ओरडलं नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं. डॉक्टरांनी रक्तदाबाचं औषध सुरू केलं आणि लाल गोळी दिसेल तिथून फेकायला सांगितलं. सासूबाईंना चाचणीतून काढावं लागेल, वहीतले आकडे आता कामाचे नाहीत, हेही सांगितलं. सासूबाई वहीकडे बघत राहिल्या. एक दिवसही चुकवला नव्हता त्यांनी.

आम्ही रिक्षाने कुवेंपुनगरला घरी निघालो. घराच्या वळणावर सासूबाई म्हणाल्या, "कडू लागायची गं अंबली. वाटलं, मेथीची पूड घालतेस. सुनेच्या हातचं काय विचारायचं, म्हणून प्यायले."



दुसऱ्या दिवशी मी उठले तर स्वयंपाकघरात दिवा होता. एक हात ओट्यावर टेकून त्या उभ्या होत्या आणि दुसऱ्या हाताने पातेल्यात नाचणी ढवळत होत्या. गुडघा थरथरत होता.

"आई, बसा. मी करते."

"परवागिल्ला," त्या म्हणाल्या. राहू दे. आणि पातेलं त्यांनी थोडं स्वतःकडे ओढून घेतलं.