गोळा ज्याच्या हाती

पीटीच्या बाई माणसाची पारख त्याच्या उभं राहण्यावरून करत. मुख्याध्यापकांना त्यांनी पहिल्याच आठवड्यात निकालात काढलं होतं. ‘सावधान’ म्हटलं तरी या गृहस्थाचे खांदे विश्राममध्येच. कणा देताना देवाने हात आखडता घेतलेला. संस्थेचे अध्यक्ष पोटावर हात बांधून उभे राहत, त्यामुळे त्यांच्याबद्दल मत बनवण्याचीसुद्धा तसदी बाईंनी घेतली नव्हती.

बाईंनी लग्न केलं नाही. धाकट्या भावाच्या घरी मागच्या खोलीत राहत. गळ्यात शिट्टी, पायात कॅनव्हासचे बूट आणि जिभेला धार. शाळा त्यांना पाठीमागे ‘शिट्टी’ म्हणे. ते त्यांना ठाऊक होतं आणि आवडतही होतं.

पूर आला तेव्हा बाई गावाच्या दुसऱ्या टोकाला भावाच्या गच्चीवर अडकल्या होत्या. नदीकाठच्या वस्तीतली माणसं शाळेत धावली. खालच्या वर्गांत पाणी शिरलं. वरचं सभागृह कोरडं ठणठणीत, पण त्याला कुलूप, कारण आत अध्यक्षांनी दिलेला नवा गालिचा होता. किल्ली मुख्याध्यापकांच्या खिशात आणि मुख्याध्यापक परगावी मेहुण्याकडे. माणसं जिन्यात दाटीवाटीने उभी राहिली आणि पाणी एकेक पायरी चढत आलं. शेवटी नववीतल्या एका मुलीने, गिरणीवाल्याच्या लेकीने, खेळाच्या खोलीतून लोखंडी गोळा आणला आणि कुलूप फोडलं. गोळाफेकीत तिला बाईंनीच तयार केलं होतं. माणसं वाचली. गालिचा मात्र चिखलात गेला.

पाणी ओसरल्यावर अध्यक्षांना आधी तोच दिसला. मुलीने सर्वांसमोर माफी मागावी, नाहीतर शाळा सोडल्याचा दाखला घेऊन जावं, असं ठरलं. पण ‘शिक्षा’ हा शब्द आता बरा दिसत नव्हता. म्हणून शहरातून एक प्रशिक्षिका बोलावली. तिचा आवाज इतका मऊ होता की ऐकणाऱ्याला जांभई यावी. गोल करून बसू, मनं मोकळी करू, दुखावलेली नाती सांधू, असं ती म्हणाली. अध्यक्षांना हे पसंत पडलं. माफीही मिळणार आणि पेपरात फोटोही येणार.

“आपण जखमा भरून काढतोय, बाई,” मुख्याध्यापक म्हणाले.

“कुणाच्या? गालिच्याच्या?”

“तुमच्याशी बोलायची सोयच नाही!”

“मग बोलू नका.”

प्रशिक्षिकेने बाईंना गाठलं. “एक चेंडू द्याल का? ज्याच्या हातात चेंडू, त्यानेच बोलायचं. बाकीच्यांनी ऐकायचं. हा नियम कुणीच मोडायचा नाही, अगदी मीसुद्धा.”

“चेंडू सगळे वाहून गेले. जड होतं तेवढंच राहिलं,” असं म्हणून बाईंनी तोच गोळा तिच्यापुढे धरला.

ती गडबडली. मग म्हणाली, “चालेल. प्रतीक म्हणून छानच आहे.”

हिला चिखल दिला असता तर त्यालाही हिने प्रतीक म्हटलं असतं, असं बाईंच्या मनात आलं.

गोल करून बसायच्या दिवशी बाई निघताना भावजय दारात आली. “वन्सं, आज जरा तोंड आवरा हं. तुम्ही बोलून मोकळ्या व्हाल, निस्तरावं लागेल त्या पोरीला.”

“गोळा माझ्या हातात आला तरच बोलेन. नियमच आहे तसा.”

सभागृहात उघड्या फरशीवर खुर्च्यांचा गोल मांडला होता. गोळा आधी अध्यक्षांच्या मांडीवर आला. त्यांनी लांबलचक भाषण पाठ करून आणलं होतं, पण निसर्गाच्या कोपापर्यंत पोचेतो मांड्या भरून आल्या आणि उरलेलं भाषण त्यांनी गिळलं. संस्था स्थापन झाल्यापासून ते पहिल्यांदाच वेळेत थांबले. मग शिक्षक. ‘आपण सारे एक कुटुंब आहोत’ एवढं प्रत्येक जण म्हणे आणि निखारा ढकलावा तसा गोळा पुढे ढकले. बाईंना या कुटुंबाची शिसारी आली.

मुलीने मात्र तो एका तळहातावर पेलला आणि ती गप्प बसली. माफी मागून मोकळी हो, असं वडिलांनी तिला बजावलं होतं. अध्यक्षांनी घड्याळ बघितलं, तोंड उघडलं, तर प्रशिक्षिकेने ओठांवर बोट ठेवलं. संस्थेचा धनी निमूट बसला.

“जिन्यात पाणी माझ्या आजीच्या कमरेला लागलं होतं,” मुलगी अखेर म्हणाली. “कुलूप फोडल्याबद्दल सॉरी म्हण, असं सांगितलंय. म्हणते ना. पण लावलं कुणी, त्यांनीही म्हणावं. दोघं मिळून म्हणू.” ती उठली आणि तिने गोळा मुख्याध्यापकांच्या मांडीवर ठेवला.

“तसा... वरून आदेश होता,” मुख्याध्यापकांनी तो शेजारी अध्यक्षांकडे सरकवला.

“मी गालिचा सांभाळा म्हणालो. कुलूप घाला म्हणालो नव्हतो.”

“साहेब, तुम्ही फोनवर—”

“गोळा माझ्याकडे आहे!” अध्यक्ष गरजले आणि त्यांनी तो लगेच परत ढकलला. दोन पोक्त माणसं लोखंड इकडून तिकडे सारत होती. अखेर मुख्याध्यापकांच्या हातांनी दगा दिला आणि गोळा त्यांच्या दुसऱ्या बाजूला बसलेल्या बाईंच्या ओंजळीत आला.

बाई उभ्या राहिल्या. बोलायचं खूप साठलं होतं, पण या लोकांवर ते खर्ची घालायचं त्यांच्या जिवावर आलं. “ही मुलगी उद्या सकाळी माझ्याकडे सरावाला येणार. दाखला निघणार नाही. ज्याची हरकत असेल त्याने हात पुढे करावा, गोळा देते.”

एकही हात पुढे आला नाही. अध्यक्षांनी तर दोन्ही हात काखेत दडवले.

“म्हणजे सर्वांची संमती...” प्रशिक्षिका पुटपुटली.

“गोळा माझ्याकडे आहे, ताई.”

बाईंनी मुलीला मानेनेच खूण केली आणि गोळा काखेत मारून दोघी बाहेर पडल्या. मागे अख्खा गोल तसाच बसून राहिला. नियमाप्रमाणे आता कुणालाच बोलता येत नव्हतं.