हेडफोनातली खरखर

दुकानदार गोड बोलायला लागला की मी पिशवी घट्ट धरते. वर्ध्याच्या त्या रेडिओच्या दुकानात तर मांडीवरच घेऊन बसले होते. काउंटरवर दोन हेडफोन ठेवलेले. एक काळा, गुबगुबीत गाद्यांचा, डब्यावर मडमेचा फोटो. दुसरा राखाडी, कानाला टोचणारा, पण निम्म्या किमतीचा. "इम्पोर्टेड माल आहे बाई, आँख बंद करून घ्या," दुकानदार काळ्याबद्दल म्हणाला. डोळे मिटून घ्यायचं म्हणे. मी राखाडी उचलला, तर लगेच तोही एक नंबर झाला. अशा माणसाचं काय खरं?

एकोणीसशे ऐंशीच्या पुढची वर्षं ती. सेलूला आमच्या घरी बायकांचं भजनी मंडळ बसायचं. थोरल्या जाऊबाई भजन म्हणायच्या, मी पेटी वाजवायचे. एकदा जाऊबाईंच्या मनात आलं, आपली कॅसेट करून रेडिओवर पाठवायची, आणि ती लवकर व्हायला पाहिजे. आमच्या ह्यांनी दोन टेपरेकॉर्डर आणि एका मेकॅनिककडून जोडून घेतलेला छोटा मिक्सर आणला. आधी आवाज आणि खंजिरी भरायची, मग ती कॅसेट वाजवत वरून माझी पेटी मिसळून दुसऱ्या टेपवर घ्यायची. पण ऐकायला स्पीकर लावला की माइक शिट्ट्या मारायचा. म्हणून हेडफोन घ्यायला आम्ही दोघी जावा गेलो.

आम्ही कापूसवाले. गाडीत वरचा कापूस नेहमीच पांढरा असतो; घेणारा कोपरापर्यंत हात घालून मधला ओढून पाहतो. मीही तेच केलं. दुकानदाराची झकपक गाणी बंद करायला लावली आणि घरची कॅसेट दिली. जिथे खंजिरी थांबते आणि जाऊबाई एकट्या वर जातात, तेवढीच जागा ऐकली. काळ्यात आवाज गुळासारखा. राखाडीत वरच्या सुराला बारीक खरखर.

जाऊबाईंनी काळा लावला आणि त्यांचा चेहरा खुलला. राखाडी लावला तसा लगेच काढला. "हा खराब आहे वं. काळाच घे."

पण त्या कॅसेटमध्ये मागे आमच्या शेजारची पिठाची चक्की भरलेली होती, आणि काळ्यात तीसुद्धा गोड लागत होती. चक्की गोड? तिथेच माझं मन उडालं. मी राखाडी घेतला. बसमध्ये जाऊबाई तोंड फिरवून बसल्या. उतरताना एवढंच म्हणाल्या, "तुले माहा आवाज खराबच ऐकाचा आहे."

घरी आल्यावरही खरखर होतीच. मग मला दुकानदाराचा संशय आला, वायरीचा आला, त्या मेकॅनिकचा तर पहिल्यापासूनच होता. टेपचं हेड स्पिरिटने पुसलं, कॅसेट नवी आणली, माइक हातभर लांब ठेवून आवाज पुन्हा भरला. खरखर जागची हलली नाही. संशय घ्यायला एकच गोष्ट उरली होती आणि तिकडे माझं मन जाईना. शेवटी मी मिक्सरवरचं पेटीचं बटन हाताशी घेतलं. वरचा सूर आला की भात्यावरचा हात क्षणभर काढून पेटी वाढवायची. खरखर झाकली गेली. मला वाटलं, जमलं बाई.

दुसऱ्या दिवशी दुपारी जाऊबाई हेडफोन लावून ऐकायला बसल्या. ऐकता ऐकता त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"माह्या आवाजावर पेटी काऊन चढवली?"

"चढवली नाई बाई, जराशी..."

"मले बुडवून राह्यली तू. रेडिओवर तुहीच पेटी वाजाले पाहिजे, नाई का?"

माझं डोकंच फिरलं. इतके दिवस जिवाचा आटापिटा केला आणि वर हे ऐकायचं? "तुमचा आवाज फाटून राह्यला बाई," मी म्हटलं. "म्हणून झाकला."

मला वाटलं, आता घर डोक्यावर घेतील. त्यांनी हेडफोन काढून मांडीवर ठेवला, पदराने पुसत बसल्या.

"मले माहीत आहे," त्या म्हणाल्या. "दिवाळीपासून फाटून राह्यला. डॉक्टरले दाखवला. तो म्हणते, गाणं सोडा, नाईतर आहे तेबी जाईन. म्हणून तं कॅसेटची घाई केली. काळा घेतला असता तं तुले समजलं नसतं."

सगळ्या जगावर संशय घेणारी मी, आणि एकाच चुलीवर स्वयंपाक करून मला हे कळलं नव्हतं. रडू आलं.

"रडू नको. पेटी खाली घे," त्या म्हणाल्या. "फाटका तं फाटका, पण माहा आवाज ऐकू येऊ दे."

मी बटन खाली घेतलं आणि सगळं भजन पहिल्यापासून पुन्हा मिसळलं. ती खरखर स्वच्छ ऐकू येत होती.

पुढच्या गुरुवारी मंडळ बसलं. वरच्या सुरातली ओळ आली आणि जाऊबाई थांबल्या. सगळ्या बायका त्यांच्याकडे पाहायला लागल्या. त्या माझ्याकडे पाहत होत्या.

"म्हण ना वं," त्या म्हणाल्या.