घाटमाथा इलेव्हन उताराला लागते तेव्हा

जिंकणाऱ्या टीमच्या फॅनकडं सांगायला एकच गोष्ट असते, 'आम्ही जिंकलो!' ती अर्ध्या चहात संपते. हरणाऱ्या टीमच्या फॅनचं तसं नसतं. एकेक पराभव घरी येताना चार-दोन किस्से सोबत घेऊनच येतो. माझं नसरापूरला बाइकच्या सीट कव्हरचं दुकान आहे. यंदा दिवाळीच्या आधीच तिथं एवढे किस्से साठलेत की रेक्झिनचे गठ्ठे ठेवायला जागा उरली नाही!

आमच्या फुटबॉल क्लबचं नाव घाटमाथा इलेव्हन. पोरं सगळी भोर-वेल्ह्याच्या वाड्यावस्त्यांवरची. मैदान किकवीपासून जरा आत, शेतातलं. दर रविवारी आसपासच्या टीमांची लीग चालते. गेल्या वर्षी आम्ही टेबलात वरच्या निम्म्यात होतो, त्यामुळं यंदा छाती फुगवूनच उतरलो. मी काही खेळत नाही. मी फॅन. पोरं मला अण्णा म्हणतात, आणि जर्सी उसवली की शिवायला माझ्याकडं टाकतात, एवढाच माझा क्लबातला अधिकार.

०००

पहिली मॅच पुण्याच्या अंगाला होती. मैदान टर्फचं! आमच्या पोरांनी टर्फ मोबाईलवर पाहिलेलं, पायाखाली कधी आलेलं नाही.

आमचा गोलकीपर धोंडिबा. वेल्ह्याच्या वरच्या अंगाला डोंगरात त्याची वस्ती, घरी गुरं आणि शेरडं. माणूस असा उंच की दारात उभा राहिला की घरात अंधार पडतो. हा गोलपोस्टसमोर उकिडवा बसला, ते हिरवंगार प्लास्टिकचं गवत चिमटीत धरून ओढलं, नाकाशी नेलं, आणि आमच्या सरांना म्हणाला, "सर, ह्ये शेरडू तोंडातबी धरायचं न्हाई!"

सर म्हणजे आमचे कोच. शाळेतून पीटी शिकवून रिटायर झालेले. फुटबॉल त्यांनी रिटायर झाल्यावर मोबाईलवर बघून शिकला, पण शिकला मनापासून.

हाफटाइमला आम्ही चार गोलांनी मागं. सरांनी सगळ्यांना गोल बसवलं आणि शांतपणे विचारलं, "घाबरू नका. मला फक्त सांगा, अडचण काय येतीये?"

कॅप्टन सचिन बुटाकडं बघत होता. मग म्हणाला, "सर, चिखलच न्हाई वो! पाय रोवायचा कशात?"

०००

दुसरी मॅच सारोळ्याजवळच्या पुलापलीकडच्या टीमशी. ही जिंकायची खात्री होती.

आता धोंडिबाची एक सवय सांगतो. डोंगरात गुरंशेरडं पांगली की तो दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारतो. ती अशी काही धारदार असते की समोरच्या डोंगरावरची दुसऱ्याची शेरडंसुद्धा वळून बघतात. मॅचमध्ये आमचे बचावाचे चार गडी पांगायला लागले, तसा ह्याचा हात आपोआप तोंडाकडं गेला.

शिट्टी वाजली. रेफ्रींचीच असणार म्हणून आमचे चौघंही जागच्या जागी थांबले! त्यांचेही थांबले. त्यांचा एकच पोरगा थांबला नाही. त्याला सर्दी झाली होती आणि आईनं कानात कापसाचे बोळे घालून पाठवलं होतं. तो आपला धावत आला आणि धोंडिबाच्या बाजूनं चेंडू आत सारून मोकळा!

रेफ्रींनी गोल दिला आणि धोंडिबाला जवळ बोलावून दम भरला, "मैदानावर शिट्टी एकच. माझी!"

धोंडिबानं मान खाली घालून ऐकून घेतलं. पण रेफ्री वळल्याबरोबर तो आमच्या चौघांवर उखडला, "अरं, ती थांबायची शिट्टी व्हय? ती गोळा व्हायची व्हती! माझ्या शेरडांना कळतंय, तुमाला कसं कळंना?"

०००

दोन पराभवांनंतर सरांनी प्रॅक्टिस कडक केली. मोबाईलवरून एक नवा शब्द उचलून आणला होता, 'शेप'. म्हणजे टीमनं आपला आकार सोडायचा नाही, सगळ्यांनी एकमेकांतलं अंतर राखून सरकायचं. समजवायचं राहून गेलं आणि सर लाइनीवरून थेट ओरडायलाच लागले, "शेप धरा! शेप सोडू नका! शेप गेली की मॅच गेली!"

पोरं इकडंतिकडं बघायला लागली. आमच्याकडं शेप म्हणजे शेपूट. शेवटी धोंडिबानं गोलमधनं हाळी दिली, "सर, धरतो की! पण कुणाची?"

०००

तिसऱ्या रविवारी भातकापणी आली. वेल्ह्याकडची पोरं खाचरात, आणि मैदानावर आमचे दहाच जण. सर हवालदिल झाले.

नेमका त्याच दिवशी माझा मेहुणा वास्तुशांतीचं आमंत्रण द्यायला आलेला. घरी मी सापडलो नाही म्हणून बाइक काढून थेट मैदानावर आला. इस्त्रीची पँट, कपाळाला गंध, हातात पत्रिकांची पिशवी. सरांनी त्याला खालून वरपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, "पाव्हणं, पळता येतं का?"

"येतं की," मेहुणा म्हणाला. त्याला वाटलं, कुणाला तरी बोलवायला पाठवतायत!

पाच मिनिटांत तो पँटची टोकं मोज्यात खोवून मैदानात होता. पिशवी माझ्याकडं. त्याला सरांनी एवढंच सांगितलं होतं, "तिकडच्या गोलपाशी उभे रहा, कुणी काही बोललं तर लक्ष देऊ नका." तो उभा राहिला. आम्ही एका मागोमाग चार गोल खाल्ले. मग सचिननं लांबून एक चेंडू वैतागून उडवला. तो मेहुण्याच्या पाठीवर आदळला, वळला, आणि त्यांच्या गोलकीपरच्या पायांमधनं आत!

आमचा सीझनमधला पहिला गोल! पोरांनी पाव्हण्याला खांद्यावर घेतलं. मॅच हरलो, पण मिरवणूक निघाली.

घरी आलो तर बायको दारात उभी. बातमी फोनवरून आधीच पोचली होती. मी चपला काढायच्या आत म्हणाली, "अहो, एवढी वर्षं रविवारचे जाताय. तुमच्या अख्ख्या क्लबात खेळाडू एकच निघाला, तोबी माझा भाऊ!"

०००

हा पुढचा हसायचा नाही, पण सांगतो.

त्याच आठवड्यात सचिन दुकानात आला. सचिन टेम्पो चालवतो. भाजी भरून मार्केटला जातो आणि रविवारी त्याच टेम्पोतनं टीमला नेतो. त्यामुळं आमच्या जर्सींना कायम कोथिंबिरीचा वास असतो. त्यानं दंडावरचा कॅप्टनचा पट्टा काढला आणि माझ्या मशीनवर ठेवला. इलॅस्टिकचा, मीच शिवलेला.

"अण्णा, ह्यो दुसऱ्या कुणाला तरी द्या."

"का रे?"

"घरी आप्पा रोज इचारत्यात, टेम्पो उभा ठिवून तू हरायला जातूस व्हय? काय सांगू त्यांना? गेल्या साली पोरं माझ्या शब्दाखातर खेळली. औंदा माझ्याच पायी हरत्यात असं वाटतंय."

क्लच दाब, गिअर टाक, असं सांगण्यासारखं ते नव्हतं. मी मशीन थांबवलं आणि एवढंच विचारलं, "बरं, कुणाला देऊ, सांग."

तो एकेकाचं नाव घ्यायला लागला. एक चिडतो. एक लाजतो, मोठ्यानं बोलत नाही. एकाचं लग्न ठरलंय, त्याचं ध्यान मोबाईलात. धोंडिबाचं नाव निघालं, तसा स्वतःशीच हसला. "तो शिट्ट्याच मारंल!" असं करत करत सगळी टीम संपली. मग त्यानं पट्टा उचलून परत दंडावर चढवला आणि म्हणाला, "असली पोरं दुसऱ्याच्या हाती कशी द्यायची वो?"

चहा न घेताच गेला.

०००

चौथ्या मॅचच्या आधी सगळ्यांचं म्हणणं पडलं की आता भैरोबाला कौल लावायचा. सरांना हे पटत नव्हतं, पण मोबाईलवरचे सगळे उपाय करून झाले होते.

सकाळीच देवळात गेलो. गुरवानं देवाच्या अंगावर दोन्ही बाजूंना फुलं लावली, गाऱ्हाणं घातलं. आम्ही श्वास रोखून उभे. आणि उजवं फूल पडलं! पोरांनी असा जल्लोष केला की बाहेरची कबुतरं उडाली. सचिननं नारळ फोडला.

मॅच झाली शून्य-शून्य. हरलो नाही, पण जिंकलोही नाही. संध्याकाळी आम्ही तोंडं पाडून गुरवाकडं गेलो. सचिन म्हणाला, "म्हाराज, उजवा दिला व्हता की हो देवानं!"

गुरव दिवाबत्ती करत होता. वळून म्हणाला, "तुमच्या आधी ती दुसरी पोरं बी येऊन गेली व्हती. त्यांनाबी उजवाच दिला."

०००

आता नामदेवतात्या. मैदान ज्यांच्या जमिनीवर आहे ते. दोन वर्षं पडीक होती म्हणून तात्यांनी खेळायला दिली. चौथ्या मॅचनंतर एका सकाळी प्रॅक्टिस चालू असताना ते ट्रॅक्टर घेऊनच आले. मागं नांगर.

"झालं तुमचं खेळून," तात्या म्हणाले. "हरभरा टाकायचा हाय."

सगळ्यांचे चेहरे उतरले. दुसरं मैदान कुठून आणणार? खरं सांगतो, मैदान गेलं असतं तर क्लब संपलाच होता. सरांनी हात जोडले, "तात्या, येता रविवार तेवढा द्या. घरच्या मैदानावरची मॅच आहे."

तात्यांनी सगळ्यांकडं एकदा नजर फिरवली. "जिंकून दाखवा. न्हाईतर सोमवारी नांगर."

रविवारी तात्या स्वतः हजर! धोतर, टोपी, हातात काठी. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच मॅच बघायला आले होते. समोरची टीम शहरातली, एसी बसनं आलेली. त्यांचा एक पोरगा खाली उतरला, गॉगल कपाळावर सारला, तात्यांना म्हणाला, "अंकल, ग्राउंड कुठंय? इथं तर नुसतं शेत आहे."

अख्खा आठवडा 'माझं शेत, माझं शेत' करणारे तात्या काठी आपटून उसळले, "डोळं फुटलं का तुझं? शेत कुणाला म्हणतो? मैदान हाय ह्ये!"

नांगर सोमवारी घरीच राहणार, हे तेव्हाच सगळ्यांना कळलं. तरी मॅच खेळायची होतीच.

०००

ती मॅच आम्ही एक-शून्यनं जिंकलो. सीझनमधला पहिला विजय. गोल सचिनचा, गुडघ्याला लागून गेलेला, पण गोल तो गोल. जिंकलो कसं, ते मात्र ऐकण्यासारखं आहे.

शेवटची काही मिनिटं उरली होती. पोरं दमलेली, धोंडिबा चेंडू अडवून अडवून मातीनं माखलेला. समोरची टीम नुसती तुटून पडली होती. कुठल्याही क्षणी बरोबरी होणार असं वाटत असताना त्यांच्या एकानं जोरात मारलेला चेंडू गोलच्या वरून गेला आणि मैदानाला लागून असलेल्या तात्यांच्या वांग्याच्या वाफ्यात पडला.

त्यांचे जास्तीचे दोन चेंडू आधीच ओढ्यात वाहून गेले होते. आमच्याकडं होता तो हाच एक. त्यांचा गॉगलवाला वाफ्याकडं पळाला. पण त्याच्या आधी तात्या पोचले होते. बांधावरून उतरले, दोन वांग्यांची झाडं बाजूला सारली, चेंडू शोधला, आणि त्याच्यावर बैठक मारली!

"अंकल, बॉल!"

"फांद्या मोडल्यात माझ्या," तात्या म्हणाले. "फुलं झडल्यात."

रेफ्री धावत आले. "आजोबा, चेंडू द्या. मॅच थांबलीये."

"द्यायचा हाय की. पण नुकसान झालंय, तर रीतसर पंचनामा व्हऊ द्या. तलाठी येऊ द्या, बघू द्या. जागचं काय बी हलवायचं न्हाई!"

आमची पोरं मैदानात बसकण मारून पाणी प्यायला लागली. सर आकाशाकडं बघत होते. रेफ्रींनी घड्याळाकडं बोट दाखवलं आणि आवाज चढवला, "आजोबा, याचा काही उपयोग नाही. जेवढा वेळ जाईल तेवढा मी शेवटी वाढवून देणार आहे!"

तात्यांनी टोपी काढली, झटकली, पुन्हा नीट डोक्यावर बसवली.

"वाढवा की," तात्या म्हणाले. "आज रविवार हाय. तलाठी उद्या अकराला येतोय."