ॲग्नेसबाई आणि नऊ पेट्यांची हजेरी

ॲग्नेसबाईंशी माझी पहिली ओळख झाली ती प्रार्थनेच्या रांगेत, आणि सुरुवातच वादाने झाली. गोंदियाच्या टोकाला, जिथे घरे संपून धानाच्या बांध्या लागतात, तिथल्या आपल्या चर्चच्या शाळेत मी विज्ञानाचा शिक्षक म्हणून नुकताच रुजू झालो होतो. मैदानावर धुके होते. पाचवीच्या रांगेत मधोमध आठ-दहा मुले मावतील एवढी जागा मोकळी होती. "पुढे सरका!" मी ओरडलो. मुले निमूट सरकली. मी क्षणभर पाठ वळवून पुन्हा पाहिले, तर जागा तशीच मोकळी.

"राहू द्या ना, मेश्राम सर," मागे उभ्या असलेल्या शिक्षिका, ॲग्नेसबाई, म्हणाल्या. "ती जागा रिकामी नाही."

"कोण उभे आहे तिथे?"

"तेच तर शोधून राहिली मी."

पाचवीच्या वर्गामागे चर्चचे कब्रस्तान आहे. त्याच्या कोपऱ्यात नऊ लहान दगड होते. त्यांवर नाव नव्हते, क्रूसही नव्हता, फक्त आकडे होते. स्वातंत्र्याच्या थोडे आधी इथल्या बोर्डिंगात तापाची साथ आली आणि नऊ मुले गेली, एवढेच सर्वांना ठाऊक होते. रांगेतली ती जागा मात्र कोणी शिकवली नव्हती. जूनमध्ये नवी आलेली मुलेसुद्धा ती सोडून उभी राहत.

पालक घाबरून मुलांना काढून नेऊ लागले. मी तरुण होतो, बुद्धाचा आणि विवेकाचा अनुयायी होतो, आणि व्यासपीठ माझ्या रक्तात होते. मैदानात तासभर भाषण ठोकले. भूत नसते, आत्मा नसतो, भीती हा गुलामीचा पहिला दोर आहे, असे गरजलो. टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी पाचवीत निम्मी मुले.

बाई हसून म्हणाल्या, "तुमच्या भाषणानं भुतं पळाली का ते माहीत नाही सर, पोरं मात्र पळाली."

मग त्यांनी मला दोन वह्या दाखवल्या. एक चर्चची दफनवही. तिच्यात नऊ नोंदी होत्या: जोसेफ, मरिया, अंतोन, पुन्हा जोसेफ... आणि प्रत्येकापुढे बोर्डिंगातल्या पेटीचा क्रमांक. तोच क्रमांक दगडावर. दुसरी वही शाळेची. तिच्यात मुलांची घरची नावे, गावे आणि तेच पेटीचे क्रमांक. चर्चची वही चर्चमध्ये राहिली, शाळेची शाळेत. मध्ये फक्त एक अंगण होते. पण इतक्या वर्षांत दोन्ही वह्या कोणी शेजारी ठेवून वाचल्याच नव्हत्या.

बाईंनी वाचल्या, आणि काय घडले होते ते कळले. मुले शेवटच्या घटका मोजत असताना तेव्हाच्या धर्मगुरूंनी त्यांना बाप्तिस्मा दिला आणि वहीत फक्त संतांची नावे लिहिली. नंतर रानातून, डोंगरातून आईबाप विचारत आले, "आमचा सुकलू कुठं आहे?" चर्चची वही पाहून त्यांना सांगितले गेले की सुकलू नावाचे कोणी इथे मेलेले नाही. पळाला असेल.

मी संतापलो. माझ्या वडिलांच्या पिढीने धर्म बदलला तो स्वतःच्या तोंडाने, भर दिवसा, ताठ मानेने. या लेकरांना कोणी विचारले होते? बाई श्रद्धाळू कॅथलिक, रोज पहाटे मिस्साला जाणाऱ्या. त्या माझ्यावर चिडतील असे वाटले. त्या म्हणाल्या, "भाषण नंतर. आधी दरेकशाला चला. सुकलूचं गाव."

दरेकशाच्या एका अंगणात आम्ही पाऊल टाकले, भर दुपारी, आणि आतून एका म्हाताऱ्या बाईचा आवाज आला, "आला का?"

ती सुकलूची आई. डोळे गेलेले. अंगणात कोणाचेही पाऊल वाजले की ती हेच विचारी, असे तिच्या मुलीने सांगितले. चुलीजवळ पानाच्या द्रोणात भात झाकून ठेवलेला होता.

बाई तिच्याजवळ खाली बसल्या. "नाही, माय. तो आमच्यापाशी आहे. ताप आला होता त्याला. तो पळाला नव्हता."

चर्चमध्ये जोसेफ या नावाने त्याच्यासाठी रोज प्रार्थना होते, हेही त्यांनी सांगितले. मुलीने विचारले, "जोसेफ म्हनून रोज त्याच्यासाठी प्रार्थना करता? मंग त्यानं ओ कशी देल्ली असंल जी? त्याले तं ते नाव ठावूकच नाही."

त्या नोव्हेंबरात, मृतांच्या स्मरणाच्या दिवशी, बाईंनी कब्रस्तानात सर्वांसमोर हजेरी घेतली. शाळेतली हजेरी. "सुकलू." आणि थांबल्या. एखाद्या मुलाला उठून ओ द्यायला लागतो तेवढा वेळ. कावळेही गप्प होते. पायाखालचा पाचोळा वाजला, वारा नसताना. मी विज्ञान शिकवतो. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेला रांगेतली मोकळी जागा मला किंचित कमी वाटली. ती मोजण्याची माझी हिंमत झाली नाही.

हे सोपे गेले नाही. "जुन्या फादरांची बदनामी करता? दिलेला संस्कार पुसता?" असा सवाल त्या वेळच्या धर्मगुरूंनी भर सभेत केला. बाई उभ्या राहिल्या. "पुसत काही नाही, फादर. घरचं नाव जोडून राहिली." त्यांचे मुख्याध्यापकपद त्यानंतर बरीच वर्षे लांबले. त्याबद्दल त्यांच्या तोंडून मी अवाक्षर ऐकलेले नाही. केशोरीपासून तिरोड्यापर्यंत, रजेच्या दिवशी, एसटीने आणि पायी त्या मुलांची घरे शोधत फिरल्या. आठ दगडांवर आज घरची नावे आहेत, त्यांखाली संतांचीही.

पुढे त्या मुख्याध्यापक झाल्या तेव्हा माझ्या मुलीच्या प्रवेशाला लिपिकाने मला नाव विचारले. बाईंनी मला हाताने थांबवले आणि त्या तिच्यासमोर वाकल्या. "तू सांग बेटा. घरी काय म्हणतात?" "चिमी." त्यांनी यशोधरा या नावाशेजारी चिमी लिहून घेतले. आमच्या शाळेच्या प्रवेशवहीत घरच्या नावाचा तो रकाना आजही आहे. बाईंच्या साऱ्या कार्याचे सार मला विचाराल तर मी त्या रकान्याकडे बोट दाखवीन.

नववे नाव मिळालेले नाही. शाळेच्या वहीतले त्या पेटीचे पान वाळवीने खाल्ले आहे. चर्चच्या वहीत फक्त "मरिया" आहे. हजेरीत बाई तिथे येऊन नुसत्याच थांबतात, कारण त्या मुलीला कोणत्या नावाने हाक मारावी ते कोणालाच माहीत नाही.

गेल्या महिन्यात मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर बाईंनी मला घरी बोलावले आणि हजेरीची यादी माझ्या हातात ठेवली. "सर, मला पंच्याहत्तर वर्षं झाली. यापुढे हजेरी तुम्ही घ्या. तुमचा आवाज मोठा आहे."

मी शेकडो सभा गाजवल्या आहेत. मी यादी परत दिली. नववे नाव शोधायला मी येईन, प्रत्येक पाड्यावर येईन, असे म्हणालो. पण नाव घेऊन समोरच्या शांततेत उभे राहणे माझ्याच्याने होणार नाही. माझा देवावर विश्वास नाही, म्हणून हे मागणे मी थेट बाईंकडेच मागतो: डोळे सांभाळा, गुडघे सांभाळा, औषध वेळेवर घ्या. अजून पुष्कळ नोव्हेंबर तुम्हाला उभे राहायचे आहे. ती मुलगी अजून नावाची वाट पाहते आहे.