पोतं झुलायला लागलं

लढाई संपल्यावर वर्षभरात मी पलटणीतून सुटून कोल्हापूरला परत आलो. लढाईवरून लोक काय काय घेऊन आले, मी उजवा हात घेऊन आलो. पलटणीत बॉक्सिंग शिकलो होतो, आणि शिकलो म्हणजे नुसता नाचलो नव्हतो. माझा उजवा जबड्यावर बसला की समोरचा गुडघ्यावर यायचा. पण हे ऐकणार कोण? कोल्हापुरात बॉक्सिंगचं कौतुक सांगणं म्हणजे मटणाच्या पंगतीत वरणभात मागणं. लोक हाकलून देत नाहीत, पण ताटाकडं किवेनं बघतात. "ह्यात चीत कुठं करायचं?" हा पहिला प्रश्न. "आणि हाताला गाद्या बांधून मारायचं तर मारायचं कशाला?" हा दुसरा. मी चिडायचो. आमच्या घरात वडील, आजोबा, चुलते सगळे शिक्षक, त्यामुळं चिडणं हा आमचा वंशपरंपरागत धंदा.

मलाही एका शाळेत ड्रिल मास्तर म्हणून नोकरी लागली. लग्न झालं, बायको आजऱ्याची मिळाली. सगळं रीतसर चाललं होतं, तरी मन म्हणून ठिकाणावर नव्हतं. माझ्या गावानं माझा उजवा एकदा तरी बघावा, एवढीच इच्छा. "व्हय, ह्योबी मर्दाचा खेळ हाय," हे एक वाक्य मला या गावाच्या तोंडून ऐकायचं होतं. त्यासाठी मी रोज सकाळी शाळेत जाण्याआधी हात चालू ठेवायचो.

परड्यातल्या आंब्याला पोतं टांगलं होतं. भाताचा कोंडा, चिंध्या आणि तळाला थोडी वाळू. आता पोत्याचं एक असतं. ठोसा खरा असेल तर पोतं फारसं हलत नाही. मधेच दुमडतं, पोटात लाथ बसलेल्या माणसासारखं, आणि जागच्या जागी थरथरतं. ठोसा नुसता ढकललेला असेल तर पोतं झुलतं. पलटणीतले आमचे उस्ताद पोतं झुललं की शिवी द्यायचे. ते सांगायचे, ठोसा हातात नसतो, टाचेत असतो. टाचेतून कमरेत येतो, कमरेतून खांद्यात, आणि मूठ नुसती पोचवायचं काम करते. हे त्यांनी माझ्या पोटरीवर छडी मारमारून शिकवलं होतं.

मी तेहतिशी ओलांडली त्या सुमारास पोतं झुलायला लागलं.

पहिल्या दिवशी मी फांदीला दोष दिला. मग दोर बदलला. मग कोंडा उंदरांनी खाल्ला असेल म्हणून पोतं उसवून पुन्हा भरलं. तरी ते झुलतच होतं. ताकद कमी झाली म्हणावी, तर आडावरून भरलेल्या दोन घागरी मी पूर्वीपेक्षा सहज आणत होतो. मग गेलं काय? मला बसवेना, उभं राहवेना. शाळेत पोरांना सावधान-विश्राम करवताना माझा खांदा आपोआप पुढं यायचा आणि पोरं फिदीफिदी हसायची. रंकाळ्यावर फिरताना, भाजी घेताना मी टाच फिरवून बघायचो. एकदा भाजीवाली म्हणाली, "पावणं, पाय मुरगाळला काय?" घरात असलो की भिंतीवर हात चालायचा.

"अहो, भिंतीला कशाला मारताय? पोपडे आमटीत पडतात," बायको म्हणाली. थोड्या वेळानं तिनंच पुन्हा विषय काढला. "एक सांगू? पूर्वी मला चुलीपाशी नुसता पोत्याचा आवाज यायचा. आता आधी तुमचा हुंकार येतो, मग पोत्याचा आवाज."

मी तिच्यावर खेकसलो. ती म्हणाली ते खरं होतं, म्हणूनच खेकसलो. माणसाला पाडतो तो न दिसलेला ठोसा. दिसलेल्या ठोशासाठी मान आधीच आवळून तयार असते. माझा ठोसा आता निघण्यापूर्वी वर्दी द्यायला लागला होता, आणि ती वर्दी स्वयंपाकघरापर्यंत पोचत होती.

अशात कुस्तीच्या मैदानाची गडबड सुरू झाली. फाल्गुनात मोठं मैदान भरायचं होतं आणि भरवणाऱ्या मंडळींना त्या वर्षी काहीतरी नवं पाहिजे होतं. कुस्त्यांच्या मधे पलटणीतला एखादा बॉक्सर आणि आपले मास्तर अशी जोड लावायची टूम कुणीतरी काढली. आमच्या पेठेतल्या तालमीचे वस्ताद शाळेच्या फाटकावर मला भेटायला आले.

"मास्तर, लई वर्सं ऐकतोय तुमच्या हाताचं. दावा की एकदा गावाला!"

इतकी वर्षं वाट बघितली तेव्हा कुणी विचारलं नाही, आणि आता विचारलं. मी लगेच हो म्हणालो. मग त्यांना बाजूला घेऊन पोत्याचंही सांगितलं. वस्तादांनी माझा दंड दाबून बघितला, मांडी दाबून बघितली आणि जागच्या जागी निदान केलं.

"अंगात वजन न्हाय तर ठोसा येणार कुठनं? सोपं हाय. खुराक वाढवायचा."

आमच्या गावची ही श्रद्धाच आहे. माणूस हरला की वजन कमी पडलं, जिंकला की खुराक लागू पडला. बॉक्सिंगमधे वजनाचे गट असतात हे मला ठाऊक होतं, आणि मी ते सांगितलंही. वस्ताद म्हणाले, "त्यात काय? आपलं जास्तच भरंल, कमी थोडंच हाय? जास्तीला कोण नगं म्हणतंय?" त्यांच्या कुस्तीत जोड नजरेनंच ठरायची, त्यामुळं त्यांना यात अडचण दिसेना. आणि मी इतका भ्यालो होतो, की पाठीवर थाप मारून कोणी काहीही सांगितलं असतं तरी ऐकलं असतं.

मग जे सुरू झालं! पहाटे तालमीच्या दारात म्हैस उभी, धारोष्ण दुधाचा तांब्या थेट तोंडाला. दुपारी भातावर तुपाचा पाट. संध्याकाळी बदाम घोटलेली थंडाई. रविवारी शेजारच्या घरातून तांबड्या रश्श्याचं पातेलं यायचं आणि ते रिकामं झाल्याशिवाय आणणारी बाई उंबऱ्यावरून हलायची नाही. बैठका इतक्या, की शाळेचा जिना मी कठड्याला धरून उतरायचो. माझा शाळेपासूनचा एक जैन मित्र गुळाची अडत करायचा. दर आठवड्याला तालमीतली मंडळी मला त्याच्या मोठ्या काट्यावर चढवायची. एका पारड्यात मी, दुसऱ्यात गुळाचे रवे, म्हणजे मोठाल्या ढेपा. मित्र पेढीवर मटणाचं नाव काढू द्यायचा नाही, पण अंगावर चढलेल्या त्याच मटणाचं वजन मात्र मोठ्या हौसेनं करायचा. "अडीच रव्याचं मास्तर झालं की ओ!" असं तो ज्या दिवशी ओरडला, त्या दिवशी हमालांनीसुद्धा टाळ्या पिटल्या.

त्याच संध्याकाळी सगळी मंडळी परड्यात जमली. मी पोत्यावर उजवा टाकला. पोतं फांदीपर्यंत वर गेलं आणि परत येताना वस्तादांच्या पागोट्याला घासून गेलं. परड्यात एकच जल्लोष! "बगा, बगा! पोतं आडवं झालं! ह्येला म्हणायचं खुराक!" मी आणखी मारलं, ते आणखी झुललं, लोक आणखी ओरडले. पोतं झुलणं वाईट, हे कळणारा त्या परड्यात मी एकटाच. मला रडू येत होतं, आणि लोक माझ्या पाठीवर थापा मारत होते.

काय झालं होतं ते आज मांडून सांगता येतं. वजन चढलं ते पोटावर आणि मांडीवर. मुठीच्या मागं उभं राहायला ते तयार नव्हतं. बैठकांनी पाय रोवून उभे राहायला शिकले, कुस्तीला ते हवंच, पण ठोशासाठी टाच गर्रकन फिरावी लागते. आणि वयानं माझी ताकद नेली नव्हती, चपळाई नेली होती. डोळ्याला फट दिसायची, मूठ तिकडं निघायची, पण पोचेपर्यंत फट मिटलेली असायची. त्या वेळी हे समजावून सांगणारं कोणी नव्हतं. असतं तरी मी त्याच्या अंगावर धावून गेलो असतो.

मैदान पंधरवड्यावर आलं आणि पलटणीतून निरोप आला. त्यांचा पोरगा साडेदहा स्टोनच्या, म्हणजे एकशे सत्तेचाळीस पौंडांच्या गटातला. मास्तर त्या वजनात बसत असतील तर लढत, नाहीतर नाही. वस्तादांना हे पटेचना. "मानूस खाऊनपिऊन हाय म्हणून लढत रद्द? ह्यो कुठला न्याय?" पण रद्द म्हटल्यावर सगळे माझ्या तोंडाकडं बघायला लागले. महिनोन् महिने चढवलेलं वजन पंधरा दिवसांत उतरवायचं ठरलं.

म्हैस दारातून गेली. बायको माहेरचा घमघमणारा घनसाळ तांदूळ शिजवायला लागली की मी वास नको म्हणून परड्यात जाऊन बसायचो. सकाळी घोंगडं गुंडाळून जोतिबाच्या वाटेनं पळायचो; डोंगरावरून दर्शन घेऊन येणारी माणसं मला बघून बायकापोरांना बाजूला घ्यायची. तरी काटा पुरेसा उतरेना. शेवटी अडत्या मित्रानं मला एका ओळखीच्या गुऱ्हाळात नेऊन बसवलं. वर काहिलीत उसाचा रस उकळतोय, खाली चुलवाणात चिपाडांचा जाळ, आणि त्या जाळापाशी घोंगड्यात मी. समोर माणसं गरम काकवी चाटताहेत आणि मला घोटभर पाण्याची बंदी. गुऱ्हाळवाला भला माणूस. आलेल्या पाव्हण्याला रस न पाजता पाठवायची वेळ त्याच्यावर कधी आलेली नव्हती. तो पुन्हा पुन्हा पेला भरून आणायचा आणि मी त्याच्यावर ओरडायचो. शेवटी त्याचंही डोकं फिरलं. "रस नगं, तर गुऱ्हाळात आलासा कशाला?"

वजन उतरलं. पण शरीर असं लबाड, की ते आधी पाणी देतं, मग कामाचं मांस देतं, आणि पोटाचा घेर शेवटपर्यंत धरून ठेवतं. मैदानाच्या आदल्या दिवशी मी पोत्यावर उजवा टाकला. पोतं दुमडलं नाही, आणि झुललंही नाही.

मैदान खचाखच भरलं होतं. फळ्यांवर जाजम अंथरून, चार खांबांना दोर बांधून आमच्यासाठी जागा केली होती. हलगीवाल्याला कधी वाजवावं कळेना, तेव्हा तो आमचा हात हलला की वाजवायचा. समोरचा पोरगा गगनबावड्याकडचा, बाविशीतला, लांब हातांचा. नवल म्हणजे तो माझ्या उजव्याला भ्याला होता. मी खांदा हलवला की तो चार पावलं मागं. त्या भीतीवरच मी दोन फेऱ्या काढल्या. डाव्यानं टिपत राहिलो, दम लागला की दोराला टेकलो. गुण त्याचेच जास्त होते, ते मला कळत होतं.

तिसऱ्या फेरीत तो चुकला. मारलेला डावा हात परत नेताना त्यानं खाली सोडला. जबडा उघडा पडला. मी टाच फिरवली, कंबर टाकली, खांदा टाकला, अंगात जेवढं म्हणून होतं तेवढं सगळं त्या मुठीत घातलं. बसला. बरोबर बसला. हातमोज्यातून कोपरापर्यंत मला कळलं की बसला.

पोरानं डोळे मिचकावले, एक पाऊल मागं गेला आणि उभा राहिला.

हलगी कडाडली. मैदान उठून ओरडायला लागलं, कारण आवाज झकास झाला होता. मी हात खाली सोडून तसाच उभा. त्यानं मारलं असतं तर मी तिथं झोपलो असतो, पण त्यानं मारलं नाही. तो नुसता माझ्याकडं बघत राहिला. मग घंटा झाली.

पंच म्हणून आलेल्या पलटणीच्या साहेबांनी त्याचा हात वर केला. लोकांना ते मान्यच होईना. "पडलं कोण?" "कोणच न्हाय." "मग बरोबरी की!" वस्तादांनी साहेबांकडं पाठ फिरवून आम्हा दोघांनाही फेटे बांधले. "व्हय मास्तर, मर्दाचा खेळ हाय," ते माझ्या कानाशी म्हणाले. मला ते ऐकवेना. मी कनातीमागं निघून गेलो.

पोरगा माझ्या मागोमाग तिथं आला. त्याचे डोळे भरले होते.

"मास्तर, आमचं जुनं हवालदार तुमच्या पलटणीत हुतं. त्येनी सांगितलंतं, मास्तरांचा उजवा बसला की मानूस उठत न्हाय. आज माजा जबडा उगडा पडला हुता. तुमी हात आखडून मारलासा. माज्या म्हातारीचं पुण्य."

"आखडला नव्हता," मी म्हणालो. माझा आवाज चढला. "कळतंय का तुला? आखडला नव्हता. होता तेवढा सगळा मारला."

तो हसला. डोळे पुसत पुसत हसला. "लई थोर मानूस हाईसा, मास्तर," असं म्हणून त्यानं वाकून माझ्या पायांना हात लावला.

मला इतका राग आला, की त्याच्या कानाखाली द्यावी म्हणून मी हात उचलला. आणि तसाच खाली घेतला. दिली असती तरी त्याला ती लाडाचीच वाटली असती.